मीटरवर घेतलेलं गटार : एका नगरपंचायतीच्या निविदेचा प्रकरण अभ्यास

दक्षिण कोकणातली खाडीकाठची एक नगरपंचायत. बाजारपेठेतल्या पावसाळी पाण्याच्या निचऱ्यासाठी तिने एक निविदा काढली. काम झालं, पहिल्याच पावसात ते तोंडघशी पडलं आणि मग दुसरी निविदा वेगळ्या पद्धतीने बेतावी लागली. प्रकरणाचा आवाका एवढाच. नगरपंचायत कोणती, हे शोधत बसू नये. किनाऱ्यावरच्या अशा कामांत जे वारंवार दिसतं ते एका गावात आणून मांडलं आहे, आणि रकमा, लांबी, क्षेत्रफळ हे आकडे हिशेब कळावा म्हणून गोल धरले आहेत. नियम, पाऊस, भरती आणि गणित मात्र जसंच्या तसं आहे.

कुणी किती खाल्ले, या दिशेने वाचायला बसलेल्यांची निराशा होईल. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, ई-निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका असा एकेक कागद इथे जागेवर होता. काँक्रीटचे ठोकळे चाचणीत पास झाले होते. मला हे प्रकरण अभ्यासायला घ्यावंसं वाटलं ते त्यामुळेच.

गाव, सडा आणि खार

वर जांभ्याचा सडा, म्हणजे कातळाचं पठार, त्याखाली उतारावर वाड्या, उताराच्या पायथ्याशी सपाटीवर बाजारपेठ, तिच्यापुढे खारजमीन आणि मग खाडी. किनाऱ्यावरची अर्धीअधिक गावं अशीच वसलेली आहेत. सड्यावरून उतरणारा व्हाळ, म्हणजे ओढा, बाजाराच्या पाठीमागून जातो, खारीत पसरतो आणि खारबांधाच्या उघाडीतून खाडीत पडतो. उघाडी म्हणजे बांधातली झडपेची मोरी. भरतीचं पाणी चढलं की झडप आपोआप दाबून बंद होते, ओहोटीला आतल्या पाण्याच्या जोराने उघडते.

खारीत भातशेती होत होती तोवर या उघाडीची राखण शेतकरीच करायचे. खारं पाणी एकदा खाचरात शिरलं की पुढची दोन-तीन पिकं हातची जातात, त्यामुळे फळी कुजली, चिखल साचला, बांधाला खेकड्यांनी भोकं पाडली की लगेच माणसं जमायची. हळूहळू शेती सुटली. पोरं मुंबईला गेली, मजुरी परवडेना, खार पडीक झाली. उघाडीकडे बघायला कुणाला कारण उरलं नाही. झडपेची फळी केव्हा निसटली ते गावात कुणी सांगू शकत नाही. ओहोटीला जाऊन पाहिलं तर दगडी चौकट शाबूत आहे, तिला आतून-बाहेरून कालवं बसलेली आहेत आणि झडपेच्या जागी नुसती बिजागरीची गंजलेली सळी उभी आहे. कालवं आतल्या बाजूलाही आहेत, म्हणजे खारं पाणी गेली कित्येक वर्षं सुखाने आत-बाहेर करतं आहे.

त्याच काळात खारीच्या बाजाराकडच्या कडेला लाल मातीचे भराव पडले. सड्यावर झाडोरा काढून प्लॉट पडले, पायवाटांच्या पाखाड्या काँक्रीटच्या झाल्या, अंगणांना पेव्हर ब्लॉक आले. पूर्वी सड्यावरचं पाणी झाडीत, गडग्यांत अडखळत यायचं. आता ते धावत येतं, आणि खाली त्याला पसरायला होती ती जागा आक्रसली आहे.

हे सगळं बाजारात पाणी तुंबण्याचं कारण आहे. ते अंदाजपत्रकात कुठे दिसतं का, ते आता पाहू.

अंदाजपत्रक

नगरपंचायतीत १७ प्रभाग असतात. बाजारपेठ त्यातल्या तिघांत विभागलेली. तुंबणाऱ्या पाण्याची तक्रार जुनीच, तेव्हा जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून गटारासाठी पैसे मिळणार म्हटल्यावर तिन्ही नगरसेवकांनी आपापल्या हद्दीतल्या रस्त्याची लांबी दिली. बेरीज १२०० मीटर. कामाचं नावही तसंच पडलं: अमुक घरापासून तमुक दुकानापर्यंत आरसीसी गटार बांधणे. असे फलक आपण इतके वाचलेले असतो की त्यातली गोम लक्षात येत नाही. दुकानापर्यंत आलेलं पाणी पुढे कुठे जाणार? व्हाळाचं तोंड, खार, उघाडी यांतलं काहीही कुठल्याच प्रभागात नव्हतं. बांध खारभूमी खात्याचा, त्यापलीकडची खाजण कांदळवनात, आणि बाजाराच्या टोकाला रस्त्याखालची जुनी मोरी सार्वजनिक बांधकाम खात्याची.

कनिष्ठ अभियंता एकच. पाणीपुरवठा, रस्ते, बांधकाम परवाने, घनकचरा हे सगळं त्याच्याच टेबलावर. त्याने नेहमीचं रेखाचित्र लावलं, आतून ४५० बाय ४५० मिलिमीटरचं गटार, वर काढता येतील अशी झाकणं. दरसूचीतले दर घातले, खोदाई, वाळूभराई, काँक्रीट, सळई, झाकणं अशा बाबी मांडल्या. रक्कम एक कोटी दहा लाखांच्या घरात गेली. वरच्या कार्यालयाने दर तपासले, बेरजा तपासल्या, तांत्रिक मान्यता दिली.

गटार ४५० मिलिमीटरचंच का, हा प्रश्न कुणी विचारला नाही. विचारला असता तर उत्तर पाचेक मिनिटांत मिळण्यासारखं होतं. बाजाराकडे पाणी उतरवणारं क्षेत्र साधारण १२ हेक्टर. छपरं, काँक्रीट आणि कातळ धरून पडलेल्या पावसातलं ८० टक्के पाणी वाहून येतं असं समजा. पाऊस ताशी ७५ मिलिमीटर धरा. कोकणात जोराच्या सरीला हा आकडा अवास्तव नाही. मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या ताशी २५ मिलिमीटरच्या हिशेबाने होत्या आणि १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालानंतर त्या दुप्पट, म्हणजे ५० मिलिमीटरपर्यंत नेण्याचं ठरलं; त्या ५० मध्येही मुंबई दरवर्षी बुडते. तर ०.८, ७५ आणि १२ यांचा गुणाकार करायचा, ३६० ने भागायचं, की सेकंदाला किती घनमीटर पाणी येईल ते मिळतं. इथे उत्तर येतं २.

आता गटार किती वाहील? तीनशे मीटरला एक मीटर असा उतार मिळाला आणि गटार काठोकाठ भरून वाहिलं, तर ४५० चं गटार सेकंदाला ०.२२ घनमीटर पाणी नेतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची मिळून ०.४४. म्हणजे येणाऱ्या पाण्याचा चौथा हिस्सासुद्धा नाही, आणि तेही गटारात प्लॅस्टिक, माती, नळाची आडवी पाइप काही नसेल तर. खालच्या सपाटीवर उतार हजाराला एक इतका उतरतो, तिथे एका गटाराची ताकद ०.१२ वर येते.

दुसरी गोष्ट मला याहून गंभीर वाटते. रेखांकनात सगळ्या पातळ्या नगरपंचायत कार्यालयाच्या पायरीवरून घेतल्या होत्या, आणि ती पायरी धरली होती १००.००० मीटर. छोट्या कामांत हा सर्रास रिवाज आहे, त्यात नियमबाह्य असं काही नाही. रस्त्याचं काम असेल तर बिघडतही नाही. पण ज्या गटाराचं पाणी शेवटी खाडीत पडायचं आहे, त्याच्या तळाची पातळी भरतीच्या पाण्याशी ताडून बघता आली पाहिजे. पायरी १०० धरली की गटाराचा तळ ९७.८५० येतो, आणि भरती ९७.८५० च्या वर येते की खाली, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. त्यात भरती-ओहोटीच्या तक्त्यातले आकडे सरासरी समुद्रसपाटीपासून मोजलेले नसतात. ते सागरी नकाशाच्या शून्यापासून असतात, आणि मुंबईत हे शून्य सरासरी समुद्रपातळीच्या सुमारे अडीच मीटर खाली आहे. म्हणजे तक्ता, गटार आणि भूमापनाची खूण असे तीन आकडे तीन वेगवेगळ्या शून्यांवरून बोलत असतात. त्यांची गाठ घालून देणं हे सर्वेक्षणाचं काम, आणि अंदाजपत्रकात सर्वेक्षणाची बाबच नव्हती.

निविदा आणि काम

बी-१ नमुन्यातली टक्केवारी निविदा. यात ठेकेदार बाबवार दर भरत नाही, सगळ्या अंदाजपत्रकावर अमुक टक्के जास्त किंवा कमी एवढंच भरतो. तिघांनी भरली. सगळ्यात कमी दर २२ टक्के खाली. इतकं खाली गेल्यावर जादा अनामत भरावी लागते, ती त्याने भरली. सभेत या २२ टक्क्यांचं कौतुक झालं: नगरपंचायतीचे चोवीस लाख वाचले.

ठेकेदाराने हे गणित कसं बसवलं असेल? मी अशा मंडळींशी बोललो आहे, ते लपवतही नाहीत. टक्केवारी सगळ्या बाबींना सारखी लागते, पण सगळ्या बाबींत फायदा सारखा नसतो. झाकणं आपल्या कास्टिंग यार्डात ओतली की स्वस्त पडतात. खोदाईत मात्र खरी मौज. जांभा ताजा खोदला तर कुदळीला मऊ लागतो, उघड्यावर राहिला की टणक होत जातो. मग ते कठीण मुरुमात मोजायचं की मऊ कातळात? दोन दरांमध्ये बरंच अंतर असतं आणि निर्णय जागेवर उभ्या असलेल्या माणसाचा. शिवाय परिमाणं वाढली तर क्लॉज ३८, म्हणजे वाढीव परिमाणांच्या पैशाचं करारातलं कलम, आहेच. ठेकेदारांच्या बोलण्यात नुसतं ‘थर्टी एट’. यात चोरी आहे असं मी म्हणत नाही. अंदाजपत्रकातली ढिलाई कुठे आहे ते ठेकेदार अभियंत्याहून बारकाईने वाचतो, इतकंच.

कार्यारंभ आदेश मार्चच्या शेवटच्या आठवड्यात निघाला, कारण निधीची घाई. मुदत ३१ मे. मधल्या काळाचा हिशेब कोकणात राहणाऱ्याला सांगायला नको: शिमग्याला गेलेले कामगार पुरते परतायला एप्रिल उजाडला, मे महिन्यात चाकरमानी आणि पर्यटक, आणि ऐन हंगामात दुकानापुढे चर खणायला एकही व्यापारी राजी नाही. तेव्हा काम सुरू झालं वरच्या टोकाकडून, जिथे दुकानं कमी आणि जागा मोकळी. ठेकेदाराच्या दृष्टीने हे बिनचूक होतं. पैसे धावत्या मीटरवर मिळणार होते, आणि वरचा मीटर नि खालचा मीटर यांचा भाव एकच होता. सोपे ८०० मीटर आधी झाले, काम चालू असतानाची दोन धावती देयकं निघाली.

खालच्या टोकाला सगळ्या अडचणी एकत्र भेटल्या. महावितरणचे दोन खांब चराच्या रेषेत. नळपाणी योजनेची पाइप आडवी. आणि रस्त्याखालच्या मोरीला हात लावायला बांधकाम खात्याची परवानगी नाही, कारण ती मागितलीच नव्हती. मेच्या मध्याला गटाराचं टोक त्या जुन्या ६०० मिलिमीटरच्या पाइपमोरीत तात्पुरतं म्हणून सोडलं. पाइपमोरीपुढे व्हाळ, व्हाळापुढे खार, खारीपुढे बिनझडपेची उघाडी. नळाची पाइप गटाराच्या आतून, तळापासून वीतभर उंचीवर, तशीच आडवी ठेवून काँक्रीट केलं. पाहणीच्या वेळी पिठाच्या गिरणीवाल्या काकांनी अभियंत्याला विचारलं होतं, “साहेब, गटार बांधलात ता बरा झाला, पण पाणी जातला खंय?” अभियंता म्हणाला, “काका, पुढचं पुढच्या टप्प्यात.” पुढचा टप्पा कुठल्याही कागदावर नव्हता.

मे २०२५

त्या वर्षी पाऊस मुदतीसाठी थांबला नाही. मोसमी वारे २४ मेला केरळात आणि लगेच दुसऱ्या दिवशी दक्षिण कोकणात पोचले. २६ मेला मुंबई. मृगाच्या भरवशावर ३१ मेची मुदत घालणाऱ्या सगळ्या निविदा त्या आठवड्यात उघड्यावर पडल्या. २६-२७ मेला वैशाखी अमावास्या होती, म्हणजे उधाणाची भरती. आपल्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेच्या दिवसांत मोठी भरती दुपारी बाराच्या मागेपुढे आणि मध्यरात्री येते. सकाळपासून सर चालू, आणि अकराच्या सुमाराला खाडी भरत आली.

बाजारात गुडघाभर पाणी तीनेक तास उभं राहिलं. ही तक्रार दरवर्षीची. या वेळी नवीन काय, तर पाऊस तासभर ओसरल्यावरही पाणी चढतच होतं. नव्या गटाराची झाकणं काढून बघितली तेव्हा कळलं की प्रवाह उलटा आहे. खालच्या टोकाच्या किराणा दुकानदाराने बोट बुडवून जिभेला लावलं: खारट. गिरणीपुढच्या गटारात बोयटांची, म्हणजे खाडीतल्या माशांची, पिल्लं सापडली. जुनं गटार ओबडधोबड, अर्धं बुजलेलं होतं, खाडीचं पाणी त्यातून रडतखडत यायचं. आता त्याला सुबक, गुळगुळीत काँक्रीटचा रस्ता मिळाला होता. पुढच्या आठवड्यात बाजारामागच्या दोन विहिरींचं पाणी मचूळ झालं.

चिपळूण किंवा महाडच्या २०२१ च्या पुराशी याची तुलना करू नये. तिथे वाशिष्ठी आणि सावित्री होत्या, माणसं दगावली, शहरं बुडाली. इथला तुंबारा लहान आणि म्हणूनच उपायाच्या टप्प्यातला. पण भरतीने तोंड बंद होणं हा आजार मात्र किनाऱ्यावर सगळीकडे एकच आहे. २००५ च्या प्रलयानंतर नेमलेल्या माधवराव चितळे समितीने मुंबईच्या पर्जन्यवाहिन्यांची मुखं मोजली होती: १८६ पैकी फक्त ६ मुखं भरतीच्या पातळीच्या वर होती. दक्षिणेकडे भरती-ओहोटीतला फरक मुंबईहून कमी होत जातो, हे आपलं नशीब. पण बाजारपेठाही तितक्याच खालच्या पातळीवर बसल्या आहेत.

चौकशीत काय निघालं

दोन गोष्टी झाल्या. लोकांच्या रागापोटी नगरपंचायतीने ठेकेदाराचं अंतिम देयक अडवलं. आणि काही रहिवाशांनी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. हा अर्ज नीट केलेला होता. २००५ च्या कायद्याच्या कलम २(ञ) मध्ये कागदांच्या प्रतींपुरताच अधिकार नाही; कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही आहे. त्यांनी तोच मागितला. मोजपट्टी घेऊन, मोजमाप पुस्तिकेची प्रत हातात धरून, शेवटच्या मीटरपर्यंत चालत गेले.

लांबी बरोबर निघाली. रुंदी, उंची, जाडी बरोबर. सळईचं अंतर झाकणांच्या फुटलेल्या कडेवरून मोजलं, तेही बरोबर. भांडायला आलेल्यांच्या हाती काही लागेना. मग त्यांच्यातल्या एका निवृत्त सर्वेक्षकाने विचारलं की यात तळपातळ्या कुठे नोंदवल्या आहेत? पुस्तिकेत लांबी, रुंदी, खोली, संख्या असे रकाने होते आणि ते भरलेले होते. पातळीची नोंद एकही नव्हती, कारण पातळीचे पैसे नव्हते. त्याने उसन्या ऑटो लेव्हलने, म्हणजे पातळी मोजायच्या दुर्बिणीने, स्वतः घेतली, तेव्हा मधल्या साठ मीटरमध्ये तळ उलट्या उताराचा निघाला. फरक दोन-तीन इंचांचा, पण हजाराला एक उतार असलेल्या गटारात साठ मीटरला हक्काचा उतारच सव्वादोन-अडीच इंच असतो.

देयक अडवणं मला पटलेलं नाही. उलट्या उताराचे साठ मीटर ठेकेदाराने दोषदायित्व कालावधीत, म्हणजे काम झाल्यावर दोष निस्तरून द्यायच्या मुदतीत, स्वखर्चाने काढून पुन्हा करावेत, हे रास्त आणि करारात बसणारं. बाकीचं त्याने जे दाखवलं ते बांधलं होतं. आकार अपुरा, मुख बंद, मोरी अरुंद, यांतलं एकही त्याच्या करारात नव्हतं. मालकाच्या चुकीचा भार देयकावर टाकला की पुढच्या निविदेत तो टक्क्यांच्या रूपाने परत येतो. सहा महिन्यांनी पत्रापत्री होऊन देयक निघालंच, मधल्या काळात साठ मीटर मात्र तसेच राहिले, कारण पैसे अडकलेल्या ठेकेदाराने माणसं पाठवली नाहीत.

दुसरी निविदा

दुसऱ्या वेळी क्रम उलटा लावला. आधी पाणी, मग पातळी, मग परवानग्या, आणि शेवटी निविदा.

भूमापनाच्या कायम खुणेवरून पातळी बाजारात आणली. उघाडीशी रंगवलेली मोजकाठी रोवून एका पौर्णिमेच्या आगेमागे चार दिवस, दिवस-रात्र, पाणी किती चढतं याची नोंद केली. या कामाला फारसा खर्च येत नाही, दोन पोरं आणि एक वही पुरते. त्यातून कळलं की मोठ्या भरतीला बाजाराच्या खालच्या टोकाचा गटाराचा तळ सुमारे तीन तास खाडीच्या पातळीखाली असतो. म्हणजे झडप बसवली तरी हे तीन तास आतलं पाणी बाहेर जाणार नाही. ते ठेवायचं कुठे? ताशी २० मिलिमीटरचा साधा रिपरिपता पाऊस धरला तरी १२ हेक्टरांवरून तीन तासांत ५,७६० घनमीटर पाणी जमतं. अर्ध्या हेक्टरावर मीटरभराहून जास्त उंचीचं तळं. खारीतली पडीक सरकारी जमीन अजून तेवढी शिल्लक होती, भराव पडला नव्हता असा तुकडा. पूर्वी भातखाचरं जे फुकट करत होती तेच आता पाणीसाठ्याची जागा म्हणून राखून ठेवायचं होतं. आपल्याकडे गटाराच्या चर्चेत सगळ्यात कमी बोललं जातं ते या मोकळ्या जागेबद्दल, आणि माझ्या मते अख्ख्या प्रकरणात गावाने मिळवलेली खरी वस्तू तीच.

परवानग्यांनी वेळ खाल्ला. सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राची, प्रक्रिया, कांदळवनापासूनच्या ५० मीटरच्या पट्ट्यात काय करता येईल याचा खुलासा, मोरी रुंद करायला बांधकाम खात्याची संमती. उघाडीचं काम खारभूमी खात्यानेच करायचं आणि पैसे नगरपंचायतीने भरायचे, म्हणजे ठेव तत्त्वावर, असं ठरलं, कारण बांध त्यांचा. यात धोका उघड आहे. दोन खात्यांचे दोन करार आणि एकाचं काम अडलं की दुसऱ्याचं निरुपयोगी. दुसऱ्याच्या बांधाला हात लावून खटला ओढवून घेण्यापेक्षा बरं, इतकंच त्याचं समर्थन.

गटाराचं स्वरूपही बदललं. वरच्या भागात जुनंच ४५० चं ठेवलं, पण ते आता रस्त्याच्या कडेचं पाणी गोळा करण्यापुरतं. सड्यावरचं पाणी बाजारात येण्याआधीच व्हाळाकडे वळवणारी १.२ मीटर रुंद, १ मीटर खोल पेटीगटाराची नवी रेषा धरली. तीनशेला एक उतारावर ती सेकंदाला २.४ घनमीटर नेते, म्हणजे येणाऱ्या २ ला पुरून उरते. खालच्या सपाटीवर तेवढीच पेटी १.३ वर येते, म्हणून तिथे दोन समांतर.

करारातले बदल मला जास्त महत्त्वाचे वाटतात. टक्केवारीऐवजी बाबवार दराची बी-२ निविदा, कारण मोरीची रुंदी, भरतीच्या वेळी काम, पाणी उपसा यांना दरसूचीतला सरसकट दर लावणं म्हणजे आंधळी कोशिंबीर. देयक मीटरवर न देता टप्प्यांवर, आणि टप्पे खालून वर: मोरी आणि खालची जोडपेटी पूर्ण होऊन तिच्या पातळ्या संयुक्त पाहणीत नोंदल्याशिवाय वरच्या लांबीचा एकही रुपया नाही. दर दहा मीटरला तळपातळी मोजमाप पुस्तिकेत लिहायची, नसेल तर ते दहा मीटर मोजलेच गेले नाहीत असं समजायचं. खांब आणि पाइप हलवण्याची बाब अंदाजपत्रकातच, महावितरणकडे पैसे आधी भरून. कामाची मुदत दोन कोरडे हंगाम, आणि खोदाई बंद करण्याची तारीख ३१ मेऐवजी ३० एप्रिल; मे २०२५ नंतर या तारखेवर कुणी हुज्जत घातली नाही. शेवटची अट रहिवाशांच्या आग्रहाने आली. दोषदायित्वाचा काळ काम संपल्यापासून मोजायचा नाही, पहिल्या पूर्ण पावसाळ्याच्या सुरुवातीपासून मोजायचा.

अंदाजपत्रक सव्वादोन कोटींच्या पुढे गेलं. निविदा दोनच आल्या, आणि कमीतली कमी ६ टक्के जास्तीची. सभेत गदारोळ झाला. मागच्याने २२ टक्के कमीत केलं, हा ६ टक्के जास्त मागतो, म्हणजे पाणी मुरतंय, असा सूर निघाला. पाणी मुरत नव्हतं म्हणून तर सगळे जमले होते, हे कुणाच्या लक्षात आलं नसावं. मुख्याधिकाऱ्यांनी दरांचं पृथक्करण मांडलं: उपशाचे पंप, भरतीच्या वेळा सांभाळून अर्ध्या पाळीचं काम, टप्पा पूर्ण होईपर्यंत अडकणारं भांडवल. शेवटची बाब खरी कळीची. मीटरवर पैसे मिळत होते तेव्हा ठेकेदार नगरपंचायतीच्या पैशावर काम करत होता. टप्प्यावर मिळणार म्हटल्यावर त्याला स्वतःचा पैसा गुंतवावा लागणार, आणि त्याचं व्याज तो दरात धरणारच. सर्वांत कमी दराच्या निविदाकाराशी वाटाघाटी होऊन ६ चे ३ टक्के झाले आणि ठराव झाला. दोघांनी विरोध नोंदवला.

एक त्रुटी मात्र राहिली, आणि ती पैशाची म्हणण्यापेक्षा लेखाशीर्षाची आहे. झडप बसवली तरी तिच्यात लाकूड, पिशव्या, नारळाची झावळी अडकली की ती उघडी राहते, आणि तिथे पावसाळाभर, विशेषतः उधाणाच्या दिवसांत, माणूस लागतो. पूर्वी हा माणूस शेतकरी होता आणि त्याची मजुरी त्याच्याच भातातून निघायची. आता ती कुठल्या खात्यातून द्यायची? नियोजन समितीचा निधी भांडवली कामासाठी, त्यात पगार बसत नाही. बांध खारभूमी खात्याचा, पण फायदा बाजाराचा. नगरपंचायतीने स्वनिधीतून जून ते सप्टेंबर दोन माणसं रोजंदारीवर ठेवण्याची तरतूद केली, शिवाय तीन वर्षांसाठी ठेकेदाराच्या करारात झडपेच्या देखभालीची तिमाही बाब घातली. स्थानिक निधी लेखापरीक्षेचा आक्षेप आला आहे: एकाच झडपेवर दोन ठिकाणांहून खर्च कसा, आणि नगरपंचायतीच्या मालकीच्या नसलेल्या बांधकामावर स्वनिधी कोणत्या अधिकारात. उत्तराचा मसुदा तयार झाला आहे, त्यात भरतीच्या नोंदींची वही जोडली आहे, आणि खारभूमी खात्याकडून देखभाल रीतसर हस्तांतरित करून घेण्याचा प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला आहे.